सगळे धर्म एकच सांगत नाहीत

मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला जगातले प्रमुख धर्म नीट अभ्यासायला लावावेत, असे कोणी म्हटले की एक विद्वान गृहस्थ हमखास उठतात. त्यांचे म्हणणे असे: सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, चांगले वागा. तेवढे मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगून होते. उरलेले कर्मकांड ज्याने त्याने घरात ठेवावे. आणि वर्गात धर्म आणलात तर भांडणे होतील.

भांडणे धर्म न शिकताही होत आहेत, आणि ती लावणाऱ्यांना धर्मग्रंथातले चार शब्द धड सांगता येत नाहीत. घरात ठेवण्याचे म्हणाल, तर कार्ल्याचा चैत्य कोणाच्या घरात ठेवायचा? हे दोन्ही आक्षेप मी इथेच सोडतो. पण सगळे एकच सांगतात, हे वाक्य सोडण्यासारखे नाही. ते उदार दिसते, म्हणून टाळ्या मिळवते. प्रत्यक्षात मात्र ते न वाचण्याचा परवाना देते. एकच सांगायचे असेल तर दहा ग्रंथ कशाला उघडा?

परक्या मुलखात जायला नको, आपलीच भाषा घेऊ. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांचे लीळाचरित्र साधारण १२७८चे, ज्ञानेश्वरी १२९०ची. दोन्ही ग्रंथ मराठीत, एकाच पिढीतले, दोघांच्याही कर्त्यांना कृष्ण प्रिय. म्हणजे एकच सांगत असतील? मुळीच नाही. महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य वेगळे. जीव कधी परमेश्वर होत नाही, परमेश्वर कृपेने अवतार घेतो आणि जिवाला सोडवतो. ज्ञानेश्वरांची सारी झेप अद्वैताकडे, भक्त आणि देव यांच्यातला पडदा विरण्याकडे. हा भेद केवळ मठातल्या चर्चेपुरता नव्हता, त्याने मराठी वाङ्मय घडवले. परमेश्वर पंथप्रवर्तक चक्रधरांच्या रूपाने इथल्या गावांतून चालला असेल, तर तो कुठे उतरला, काय जेवला, कोणाला काय बोलला, हा प्रत्येक तपशील स्मरणाचा, म्हणून मोक्षाचा विषय होतो. त्यात अलंकार मिसळणे म्हणजे साक्ष बिघडवणे. म्हणून म्हाइंभट ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा करतात, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतात, आणि आपल्याला ते लख्ख, बोलके, लहान वाक्यांचे गद्य मिळते. ज्ञानेश्वरांना मात्र दृश्य जगाआडचे एकत्व दाखवायचे आहे. म्हणून दृष्टान्तामागून दृष्टान्त येतो, उपमा उपमेला जन्म देते. एकाचे गद्य आणि दुसऱ्याची ओवी ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नाही. ‘चांगले वागा’ या सारांशातून या दोन ग्रंथांपैकी एकाचेही एक पान उलगडणार नाही.

इथे तो जुना वाद आठवतो: संतांनी महाराष्ट्र दुबळा केला की जागा केला? पिढ्यान् पिढ्या लेखण्या झिजल्या. राज्य कोणामुळे गेले आणि कोणामुळे आले याचा हिशेब भरपूर झाला. ती माणसे नेमके काय मानत होती, याची चौकशी फार थोडी. आमच्या गृहस्थांची वृत्ती त्याच घराण्यातली आहे. त्यांना धर्माचा उपयोग हवा, धर्माचे म्हणणे नको.

आणि येवल्याचे काय? तिथे १३ ऑक्टोबर १९३५ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. नागपूरची बौद्ध धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. मध्ये एकवीस वर्षे. सगळे धर्म एकच सांगत असते तर हा माणूस एकवीस वर्षे काय तपासत होता? १९५०च्या आपल्या लेखात त्यांनी धर्मसंस्थापक शेजारी शेजारी ठेवून फरकावरच बोट ठेवले: येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणवतो, मुहंमद अखेरचा प्रेषित, कृष्ण साक्षात देव, बुद्ध मात्र केवळ वाट दाखवणारा माणूस. पुढे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बौद्ध परंपरेलाही प्रश्न विचारले. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही कथा त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा झाला, त्यातून त्यांनी गृहत्याग सांगितला. मूळ कथा ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला हा बदल दिसणारच नाही, आणि बदल न दिसता दलित साहित्यातला बुद्ध कळणार नाही. ज्यांनी या प्रश्नावर आयुष्य खर्ची घातले, त्यांना आमचे गृहस्थ एका वाक्यात निरर्थक ठरवतात. मला याचा संताप येतो, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

तर्कशास्त्राचीही तीच कथा: तेही मतभेदांतूनच घडले. बौद्ध दिङ्नाग ज्ञानाची दोनच प्रमाणे मानतो, नैयायिक चार. नैयायिक उद्द्योतकर दिङ्नागाला उत्तर द्यायला लेखणी उचलतो. त्या शतकानुशतकांच्या वादातून भारतीय न्यायविचार धारदार झाला. तिकडे कॉर्डोव्याच्या इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिली, ती लॅटिनमध्ये गेली, आणि थॉमस अ‍ॅक्वायनसने त्यांचा आधारही घेतला व त्यांच्याशी झुंजही दिली.

मग करावे काय? मराठीच्या पदवी वर्गात ज्ञानेश्वरीशेजारी लीळाचरित्र ठेवा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा योगसंग्राम, १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे ठेवा. प्रत्येक पुस्तकाबरोबर त्याच्या धर्माचे मूळ प्रतिपादन शिकवा, त्या धर्माच्या माणसाला ‘हो, आम्ही असेच मानतो’ असे म्हणता येईल इतक्या प्रामाणिकपणे. त्यानंतर टीका करा, हवी तेवढी कठोर. श्रद्धा ठेवायला कोणी सांगू नये, सोडायलाही नाही. शिक्षकांना यासाठी वेगळी तयारी लागेल, पालीचे, अरबीचे, लॅटिनचे जाणकार दुसऱ्या विभागांतून बोलवावे लागतील. आणि परीक्षेत सर्व धर्मांतील साम्य लिहा, हा प्रश्न काही वर्षे तरी बंद ठेवावा. त्याऐवजी चक्रधर आणि ज्ञानेश्वर कुठे वेगळे होतात, ते दोघांच्या ग्रंथांतून दाखवायला सांगावे.