विंचूदंश: ठणका बोटात, धोका छातीत

भारतीय लाल विंचवाच्या दंशात रुग्ण दगावतो तो हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरल्याने. विष चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि स्वायत्त मज्जासंस्था अनावर होते. आधी उलट्या, दरदरून घाम, लाळ, मुलग्यांमध्ये शिस्नाची ताठरता. त्यामागोमाग अॅड्रेनालिनचा लोंढा. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि या ओझ्याखाली डावा कप्पा हात टेकतो. मग खोकला, धाप आणि गुलाबी फेस.

ठणक्यावरून गांभीर्य ठरवणे हीच नेहमीची चूक. बोट धरून आक्रोश करणाऱ्या रुग्णाला बहुधा दंशाजागी भूल आणि पॅरासिटामॉल पुरते. ‘आता फारसं दुखत नाही’ असे सांगत घरच्यांनी आणलेले, घामाने भिजलेले गप्प मूल अधिक धोक्यात असू शकते. त्याचे हातपाय चाचपावेत. ते गार असतील, तर छाती स्वच्छ ऐकू येत असली तरी उपचार त्याच क्षणी सुरू व्हायला हवेत.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात महाड परिसरात या रुग्णांसाठी प्राझोसिन वापरले. अल्फा ग्राहक रोखणारे हे साधे, स्वस्त औषध विषाच्या परिणामांवर नेमका घाव घालते. गंभीर रुग्णांतील तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर त्यामुळे एका टक्क्याजवळ आला. मुलांना मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या मुलाला एक मिलिग्रॅमची जवळपास अर्धी गोळी. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा द्यावी. गोळी साधीच हवी. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी दुकानात असते ती सावकाश विरघळणारी गोळी इथे कामाची नाही, आणि ती तोडूनही देऊ नये. उलट्या-घामाने गेलेले पाणी भरून काढावे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवावे. मुलाला कडेवर उचलून फिरवू नये, हे आईला बजावून सांगावे लागते.

काय देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. अॅट्रोपिनने घाम आटतो, पण सिम्पथेटिक वादळ भडकते. बीटा ब्लॉकर थकलेल्या हृदयाचा उरलासुरला आधार काढून घेतो. स्टेरॉइडचा उपयोग नाही. तरीही सवयीने ते टोचले जाते. पाणी कमी झालेल्या रुग्णाला लघवी वाढवणारे औषध देणे घातकच.

प्रतिविषाचा वाद बराच काळ चालला. महाडमध्येच 70 रुग्णांवर झालेली चाचणी 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिनवरच्या रुग्णांपेक्षा लवकर सावरले. तेव्हा प्रतिविष हाताशी असेल तर लवकर द्यावे. त्याची वाट पाहत प्राझोसिन मात्र थांबवू नये.

फुफ्फुसांत पाणी उतरलेच, तर रुग्णाला टेकून बसवून ऑक्सिजन, गरजेनुसार मास्कने दाबाखाली श्वास, रक्तदाब टिकून असल्यास नायट्रोग्लिसरीन आणि तो ढासळल्यास डोब्युटामिन. अशा रुग्णाला अतिदक्षता विभागातच हलवावे लागते. पाठवण्यापूर्वी प्राझोसिनची पहिली मात्रा पोटात गेलेली असावी आणि दंशाची वेळ, मात्रेची वेळ व हातपायांचा स्पर्श गार की गरम, हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे.