घारींचा शेजार

घारी फार झाल्या, ही तक्रार आता आमच्या बडोद्यात वरचेवर कानी येते आणि ती खोटी नाही. सकाळी सूरसागरच्या काठी उभे राहून मान वर केली, तर मोजता मोजता पुरेवाट होईल इतक्या घारी घिरट्या घालताना दिसतात. गच्चीवर पापड वाळत घालावे तर राखण बसवावी लागते. मासळीची पिशवी उघडी नेण्याची सोय नाही. तानपुरा लावण्यासाठी खिडकीपाशी बसावे, तर पंचम जुळत आला असतानाच वरून तिची थरथरती शीळ उतरते आणि शिष्यांचे लक्ष तारेवरून आकाशाकडे जाते. इतके उपद्रव मोजूनही मला जे म्हणायचे आहे, ते घारींच्या बाजूचे आहे.

निमित्त एका अर्जाचे. आमच्या मोहल्ल्यातील जुन्या कडुलिंबावर घारीचे घरटे आहे. त्याखालून जाणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या टाळूवर तिने ओरखडा काढला. आठ दिवसांत झाड तोडावे आणि घरटे काढून टाकावे, असा अर्ज घरोघर सह्यांसाठी फिरू लागला. मुलाच्या आईचा संताप मला समजतो. तेथे मीही आवाज चढवला असता. परंतु अर्जात जो उपाय मागितला आहे, तो बेकायदा आहे आणि शिवाय निरुपयोगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घारीला अभय दिले आहे, आणि पक्ष्याची अंडी वा घरटे नष्ट करणे ही त्या कायद्याने शिकारच ठरते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक जोडी हुसकली म्हणून प्रश्न सुटत नाही. जोवर खाली खाणे मुबलक आहे, तोवर दुसरी जोडी शेजारच्या झाडावर संसार मांडणारच.

घारी वाढतात त्या आपल्या उकिरड्यावर. या बाबतीत दिल्लीचा दाखला पाहण्यासारखा आहे. तेथे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे घरटी मोजली. एका चौरस किलोमीटरला सरासरी सुमारे १५ घरटी भरली. इतकी दाटी शिकारी पक्ष्यांत क्वचितच आढळते. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर तर हिवाळ्यात मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्या घारींचीही भर पडते. जुन्या दिल्लीत दानधर्म म्हणून मांसाचे तुकडे हवेत उडवण्याची चाल आहे. जेथे असे दान आणि उघडी घाण अधिक, तेथल्या घारी पिल्लांच्या रक्षणासाठी माणसावर अधिक त्वेषाने झेपावतात, असे या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आपण भरवलेला घासच तिला धीट करतो.

दुसरे कारण याहून खिन्न करणारे आहे. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांचा निकाल पूर्वी गिधाडे लावीत. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांचा घात केला. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत शंभरातली नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. २००४ मध्ये कारण उघडकीस आले, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण गिधाडांची पंगत उठून गेली ती गेलीच. आज शहराची उष्टी-खरकटी उचलणाऱ्यांत उरले कोण? कुत्रे, कावळे आणि घार. त्यांतल्या घारीलाही आपण नकोशी ठरवायचे काय?

घारींना हाकलण्याची हौस विलायतेनेही करून पाहिली आहे. एके काळी लंडनच्या रस्त्यांवरील घाण घारी उचलीत. पुढे त्यांना उपद्रवी ठरवून इतके मारले, की विसाव्या शतकात वेल्सच्या डोंगरांत थोड्या तांबड्या घारी काय त्या उरल्या. मग १९८९ पासून स्पेन-स्वीडनहून पिल्ले आणून सोडावी लागली. आता चिल्टर्न टेकड्यांच्या परिसरात त्या इतक्या झाल्या आहेत, की मुलांच्या हातातला खाऊ पळवतात. आणि तेथील जाणते लोक सांगतात, तो उपाय एकच: त्यांना खायला घालू नका.

आपल्यालाही हेच करता येईल. घार महिनाभर अंडी उबवते, पुढे दीड-दोन महिने पिल्ले वाढवते. तिचा त्रास तेवढ्या काळापुरता, आणि बहुधा त्यातही पिल्ले घरट्यात असतानाच. तेवढे दिवस झाडाखाली सूचनेची पाटी लावावी, मुलांनी पलीकडच्या बाजूने जावे किंवा डोक्यावर छत्री धरावी. ती सहसा पाठीमागून झडप घालते. समोरून पाहणाऱ्यावर येण्यास बिचकते. गच्चीवरून उरलेसुरले फेकणे बंद व्हावे. मटणाच्या दुकानांतील टाकाऊ भाग झाकलेल्या गाड्यांतून रोजच्या रोज उचलला जावा, ही मागणी मात्र महानगरपालिकेकडे ठणकावून करावी. त्या अर्जात झाडाच्या जागी उकिरडा असा शब्द घाला, मी आनंदाने सही करीन.

आणि हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. घारीने आमच्या मुलाला ओरखडा काढला, याचा बोभाटा झाला. उत्तरायणाच्या दोन दिवसांत आमच्या मांजाने किती घारींचे पंख चिरले जातात, त्याचा अर्ज कोण लिहितो? राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजाला मनाई केली, सरकारनेही जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालवले. तरी काच लावलेला दोरा साधा सुती असला, तरी कापतोच. संक्रांतीनंतर कित्येक दिवस तो झाडांवरून लोंबत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घारी घरट्यासाठी काटक्या गोळा करीत असतात. आईच्या काळजाला उपमा द्यायची झाली, तेव्हा आपल्या संतांना हीच घार आठवली. पुढच्या उत्तरायणानंतर प्रत्येक मोहल्ल्याने आपापल्या झाडांवरचा दोरा उतरवला, तर तिच्याकडे शेजारधर्माची अपेक्षा करण्याचा थोडासा अधिकार आपल्यालाही येईल.