एक्कावन्नावा दिवस



आज जरा वैयक्तिक लिहितोय. मी अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) मराठी ख्रिस्ती, व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत. तुमच्यापैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत याची कल्पना आहे. पण अडचणीच्या दिवसांत देवावर भरवसा कसा ठेवायचा, हा प्रश्न काही एकट्या चर्चचा नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. एच-वन-बीवर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. ६० दिवसांत नवीन कंपनीने अर्ज भरला तर ठीक, नाहीतर बहुतेकांना गाशा गुंडाळावा लागतो. आणि मध्येच देश सोडला की ती मुदतही संपली. अठराव्या दिवशी नगरहून फोन आला, पप्पांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. अडतिसाव्या दिवशी पप्पा गेले. अंत्यविधी मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. मध्येच नेट गेलं, त्यामुळे शेवटची मूठमाती पडताना दिसलीच नाही. एक्कावन्नाव्या दिवशी ऑफर आली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला मला उभं केलं. "प्रार्थना ऐकली, नोकरी मिळाली, देव विश्वासू आहे" असं बोलून मी खाली बसलो. टाळ्या पडल्या. आणि त्याच वेळी मागच्या बाकावर माझ्याच टीममधला एक मित्र बसला होता. त्याची नोकरी माझ्याच दिवशी गेली होती, आम्ही दोघं रोज रात्री फोनवर एकत्र प्रार्थना करायचो. त्याला काही मिळालं नाही. नऊ दिवसांनी तो बायको-मुलांसह भारतात परतला. मग देव काय फक्त माझ्याशीच विश्वासू होता? आणि पप्पांसाठी केलेल्या प्रार्थनेचं काय? ती साक्षीत मी गाळलीच होती.

माझं स्पष्ट मत असं आहे की आपण भरवसा आणि निकाल यांची गल्लत करतो. मनासारखं झालं की देव विश्वासू. नाही झालं की "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणून समोरच्याचं तोंड बंद करायचं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

बायबल स्वतः असं करत नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी चक्क तक्रारी आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी आपल्या भाषेत सांगायचं तर रूट कॉज अ‍ॅनालिसिस सुरू केलं आणि सगळा दोष ईयोबावर टाकला. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोबालाही तो चांगलंच सुनावतो, पण माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोबच, असा निवाडाही तोच देतो.

आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. १८८२ मध्ये नवरा गेला, तेव्हा पदरात तान्ही मुलगी. त्यानंतर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सुख मिळालं म्हणून विश्वास ठेवला असं म्हणायला जागा नाही. बरं, विश्वास ठेवल्यावर दुःख थांबलं का? तर तेही नाही. १९२१ मध्ये तीच मुलगी, मनोरमा, त्यांच्या आधी गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये निघालं, ते बघायला त्या नव्हत्या. पण काम त्यांनी सोडलं नव्हतं. भरवसा म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळे थोडंफार कळतं.

पप्पा गेल्यावर मी महिनाभर प्रार्थना बंद केली होती. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "रागव ना देवावर, त्याला चालतं. पण अबोला धरू नकोस." आईचं शिक्षण सातवीपर्यंत. यापेक्षा चांगलं प्रवचन मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा माझी साधी सूचना आहे. आपल्या चर्चमध्ये, सत्संगात, मित्रमंडळात ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यांनाही बोलू द्या. त्यांना कारणं सांगत बसू नका. डबा घेऊन जा, मुलांना दोन तास सांभाळा, गप्प बसता येत असेल तर शेजारी गप्प बसा.

गेल्या महिन्यात त्या मित्राला फोन केला आणि त्या रविवारच्या साक्षीबद्दल माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "अरे, मी पण टाळ्या वाजवल्या होत्या." मग आम्ही पूर्वीसारखी एकत्र प्रार्थना केली. या वेळी मागायला काही नव्हतं.

असो. बरंच लांबलं. चू.भू.द्या.घ्या.