गाडीतले गाणे आणि नको तेव्हा आलेला फोन

वृद्ध माणसाला घेऊन मोटारीने दूर जावयाचे असेल, तर पाण्याची बाटली, औषधांची डबी आणि मानेखालची उशी यांची तजवीज आपण न विसरता करतो. गाण्यांची तजवीज मात्र बहुधा दारात उभे राहून, घाईघाईने होते. कुणाचा तरी मोबाइल गाडीच्या स्टिरिओला जोडला जातो आणि प्रवास सुरू होतो. आमच्या घरीही हीच रीत होती. ती का सोडली, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

साताऱ्याहून पुण्यास तपासणीसाठी आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन निघालो होतो. दादा गाडी चालवीत होता, अण्णा त्याच्या शेजारी आणि मी मागे. माझा फोन ब्लूटूथने गाडीला जोडलेला होता व 'गीतरामायण' चालू होते. खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि गाणे थांबून फोनची घंटा वाजू लागली. दादाने सवयीने स्टिअरिंगवरचे बटण दाबले. दवाखान्यातील मदतनीस बाई बोलत होत्या. "रिपोर्ट आलाय, चांगला नाही. पेशंटला मात्र आत्ताच काही सांगू नका," हे वाक्य गाडीच्या चारही स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आले. अण्णा समोर रस्त्याकडे पाहत राहिले. काही वेळाने म्हणाले, "गाणं का बंद केलंस?"

रुग्णास काय सांगावे व कधी सांगावे हा निराळा विषय आहे. माझे मत असे, की त्यांना ते कळावयासच हवे होते; पण ते शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडून, हातात हात असताना. त्या बाईंचा दोष मी काढीत नाही. आपण एकटेच ऐकत आहोत, असेच त्या धरून चालल्या होत्या. चूक आमच्या जोडणीत होती.

ब्लूटूथने फोन गाडीला जोडला, की सर्वसाधारणपणे दोन गोष्टी एकदम जोडल्या जातात, एक गाणी आणि दुसरी संभाषणे. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ब्लूटूथच्या यादीतील गाडीच्या नावापुढील चिन्ह दाबले, की 'कॉल' व 'मीडिया' अशा दोन कळा निराळ्या दिसतात. त्यातील कॉलची कळ बंद करावी. गाणी चालू राहतात आणि येणारा फोन फोनवरच वाजतो. आपण रुग्णास घेऊन जाणारे असाल, तर हे काम आजच करून ठेवा.

याहून निर्धोक मार्ग म्हणजे ज्यात सिमकार्डच नाही असे गाणी वाजविणारे छोटे यंत्र. आयपॉड २००१ साली आला आणि पुढे फोनांनी त्याची जागा घेतली. पण अशी साधी एमपीथ्री यंत्रे आजही मिळतात. घरात एखादा जुना फोन पडून असेल, तर त्यातील सिम काढून तोही या कामी लावता येतो. त्यावर कुणाचा रिपोर्ट येत नाही, बँकेचा निरोप येत नाही. ज्याच्यासाठी गाणी लावायची त्याच्याच हातात ते यंत्र देता येते, हा लाभ तर फार मोठा आहे. आजारी माणसाच्या हातात त्या दिवशी दुसरे काहीच नसते.

आता जोडणीविषयी. आपल्या गाडीच्या स्टिरिओवर 'ऑक्स' असे लिहिलेले गोल भोक असेल, तर दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर पुरते. ही सर्वांत स्वस्त व सर्वांत विश्वासू जोडणी. पुष्कळशा नव्या फोनांना मात्र हेडफोनचे भोक उरलेले नाही. त्यांस टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो, आणि प्रत्येक जोड प्रत्येक फोनशी जुळतो असे नाही, म्हणून दुकानातच लावून पाहावा. यंत्राचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून उरलेले कमीजास्त गाडीच्या बटणाने करावे. यंत्राचा आवाज अगदी लहान ठेवून गाडीचा वाढविला, तर खरखर येते, आणि चुकून रेडिओ लागला की एकदम केवढा तरी आवाज फुटतो. हृदयविकार असलेल्या माणसाला असा दचका नको.

ऑक्सला जोडलेले यंत्र त्याच वेळी लायटरच्या भोकातून चार्ज केले, तर पुष्कळदा एक बारीक शिट्टी ऐकू येते. इंजिनाचा वेग वाढला की तीही चढते. यंत्र बिघडलेले नसते. विजेचा आणि आवाजाचा मार्ग एकत्र झाल्याने ती येते. चार्जर काढा, शिट्टी जाते. रात्रीच घरी चार्ज करून निघावे, हे सरळ.

जुन्या गाडीत ऑक्सही नसेल, तर लायटरच्या भोकात बसणारे एफएम ट्रान्समीटर मिळते. ते गाणे एका छोट्या रेडिओकेंद्रासारखे प्रक्षेपित करते व गाडीचा रेडिओ ते पकडतो. गावात ते छान चालते. परंतु साताऱ्यात मोकळी असलेली जागा पुण्याजवळ एखादे खरे केंद्र बळकावते, आणि अभंगाच्या मधोमध साबणाची जाहिरात सुरू होते. मग वाहनचालक एका हाताने आकडे बदलू लागतो. हे मला मुळीच पसंत नाही. यंत्राला हात लावावयाचा तो चालविणाऱ्याने नव्हे, हा नियम घरातील सर्वांनी मान्य करावा.

पेनड्राइव्ह हा आणखी एक सोयीचा मार्ग. पाच मिनिटांचे एमपीथ्री गाणे साधारण पाच एमबी जागा घेते, म्हणजे आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर दीड हजार गाणी सहज मावतात. पण इतकी भरू नयेत. पन्नास-साठ ओळखीची पुरेत. 'गीतरामायणा'ची छप्पन गीते कथेच्या क्रमाने आहेत. आमच्या पेनड्राइव्हवर ती नावाच्या अक्षरानुसार लागली आणि रावणवधानंतर रामजन्म झाला, तेव्हा अण्णांनी मागे वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. प्रत्येक फाईलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत आणि 'शफल' बंद करावे. ज्यांची स्मृती उणावत चालली आहे, त्यांना तर पुढचे गाणे ठाऊक असणे हाच मोठा आधार असतो.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी केवळ आवाज वाढविणे हा उपाय नव्हे. वयोमानाने प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे शब्दांतील स, त, क यांसारखी व्यंजने पुसट होतात. आणि टायरांचा व इंजिनाचा घोष खालच्या पट्टीतील, तो उरलेले शब्दही झाकतो. काचा वर घ्याव्यात, स्टिरिओतील 'बेस' कमी करून 'ट्रेबल' किंचित वाढवावा. अण्णांचा डावा कान मंद आहे. आपल्याकडे चालकाच्या शेजारचा मनुष्य डावीकडे बसतो, म्हणजे दाराचा स्पीकर नेमका त्या मंद कानाशी! आम्ही 'बॅलन्स' उजवीकडे सरकविला आणि आवाज न वाढविता त्यांना शब्द कळू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांस ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत चालतो. आवाज जसा वाढतो तसा हा अवधी झपाट्याने घटतो. गाडीत शेजाऱ्याशी बोलण्यास ओरडावे लागत असेल, तर गाणे मोठे आहे असे समजावे.

पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने फोन अथवा इअरफोनची डबी सदऱ्याच्या खिशात ठेवू नये. त्यांत लोहचुंबक असतात. यंत्रापासून निदान पंधरा सेंटिमीटर अंतर असावे. स्पीकर किंवा गाण्यांची पेटी डॅशबोर्डवर ठेवू नये, जोराचा ब्रेक लागला की ती उडून अंगावर येते. आणि वैशाखातल्या उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरीचे कोणतेही यंत्र सोडून जाऊ नये. दवाखान्यात जाताना ते पिशवीत घालून बरोबरच न्यावे. तेथेही थांबण्याचे तास लांबच असतात.

आता दर महिन्यास आम्ही पुण्यास जातो. निळ्या रंगाचे छोटे यंत्र अण्णांच्या मांडीवर असते, वायर गिअरच्या बाजूने नेऊन चिकटपट्टीने बसविली आहे. माझा फोन पर्समध्ये, आवाज बंद. गेल्या खेपेस परतताना घाट चढत असता त्यांनी आपण होऊन गाणे थांबविले आणि विचारले, "डॉक्टर पुढच्या वेळी काय करणार म्हणाले?" दादाने गाडी बाजूला घेतली, आणि मी मागच्या सीटवरून पुढे वाकून त्यांना सारे सांगितले.