ज्वारीच्या मुठीने पाप फिटते काय?

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारात शटर वर जाण्याआधी शेटजींचा हात पिशवीत जातो. मूठभर ज्वारी रस्त्यावर पडते, पारव्यांचा थवा फडफडत उतरतो, आणि पुण्य मनातल्या खतावणीत जमा करून शेटजी गादीवर बसतात. त्याच दुकानाच्या वीजमीटरवर होल्याच्या जोडीने घरटे केले होते. घरटे कसले, वीस-पंचवीस काड्या. खालून अंडी दिसावीत इतके विरळ. दिवाळीच्या साफसफाईत झाडूच्या एका फटक्याने ते खाली आले. दोन पांढरी अंडी फरशीवर फुटली. जोडीतला एक पक्षी समोरच्या तारेवर बसून राहिला. दुकानात कोणाची मान वर झाली नाही!

आम्ही विचारतो, हा कोणता धर्म? शहरी पारवा देशभर वाढतोच आहे, असे २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने सांगितले. त्याला तुमच्या मुठीची गरज नाही. तरी त्याच्या दाण्यासाठी २०२५ साली दादरला माणसे रस्त्यावर उतरली, कोर्टकचेऱ्या झाल्या. होल्याच्या अंड्यासाठी कोणी हूं की चूं केले नाही. कारण उघड आहे. दाणे टाकताना चार लोक बघतात. घरट्याला हात न लावणे कोणाला दिसत नाही. जे दिसत नाही ते पुण्य आमच्या बाजारात खपत नाही!

होला मागतो तरी काय? सुमारे महिनाभराची उसंत. दोन आठवडे अंडी उबवायला, दोन आठवडे पिल्ले उडती व्हायला. नर-मादी आळीपाळीने बसतात. पहिले काही दिवस दोघेही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न पिल्लांना भरवतात. (बाप पोराला दूध पाजतो! आमच्या घरांतल्या किती पुरुषांना हे सांगता येईल?) एवढे करून कावळा, मांजर, वादळ यांच्यापायी घरटी जातातच. म्हणून होला पुन्हा काड्या वेचतो, वर्षात अनेकदा. या जातीचे सारे बळ त्या ‘पुन्हा’त आहे.

ते ‘पुन्हा’ हिरावले की काय होते, हे इंग्लंडने पाहिले आहे. तिथल्या टर्टल डव्ह या होल्याच्या एकेका घरट्याचे यश फारसे घटले नव्हते. पण जोडी हंगामात जितकी घरटी करी, ती १९६०च्या दशकाच्या मानाने निम्म्यावर आली. तणाचे बी शेतातून गेले, पोट भरेना, आणि हंगाम अर्ध्यावर संपू लागला. आज तो पक्षी तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

आणि विदर्भ? १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल उभी राहिली ती आसपासच्या कापसाच्या जोरावर. त्याच कापसाच्या शेतात आज धुऱ्यावरची बोर-बाभूळ जेसीबीने उपटली जाते, उरल्यासुरल्या तणावर तणनाशकाचा पंप फिरतो. होल्याने घरटे कुठे करायचे आणि टिपायचे काय? शेतकऱ्यावर सगळे खापर फोडणार नाही. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून तो पंप उचलतो. पण धुरा साफ करण्याने कोणाचा संसार तरला, ते आम्हाला दाखवावे.

कायदा नाही असे म्हणायची सोय नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची अंडी फोडणे, घरट्याला धक्का लावणे यालाही शिकारच म्हटले आहे. शहरातल्या झाडांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. होल्याचाच भाऊबंद हरियाल आपला राज्यपक्षी, आणि ज्या वड-उंबरांच्या फळांवर तो जगतो त्यांच्यावरच रस्ता रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड! राज्यपक्षी भिंतीवर रंगवायचा आणि त्याचे ताट उलथायचे, याला आम्ही ढोंग म्हणतो.

गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांनो, ज्वारीची पिशवी घरी ठेवा. झाडू उचलण्याआधी नोकराला मीटरवर, एसीच्या मागे, पाटीच्या आडोशाला बघायला सांगा. काड्या दिसल्या तर तेवढा कोपरा महिनाभर न झाडलेला राहू द्या. लक्ष्मी धुळीच्या एका कोपऱ्यावरून परत जात नाही.