एक्सप्लेनर : प्रत्येक फोनचं लॉक वेगळं का? आणि अडचणीत कोणतं बटण दाबायचं?

गेल्या महिन्यात बाबांनी त्यांचा साधा बटणांचा फोन बदलला. दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशातून मला कॉल यायला लागले. उचलला की नुसता एसटीचा खडखडाट. बाबा सवयीने 'मेनू' आणि मग 'स्टार' दाबत होते, नोकियावर वर्षानुवर्षं दाबत आले तसंच. नव्या फोनमध्ये लॉकसाठी हॅशचं बटण दाबून धरावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे असं का? फोनमधल्या काही गोष्टी जगभर सारख्या आहेत. कोणत्याही कंपनीच्या फोनवर *#०६# डायल करा, आयएमईआय नंबर दिसतो. कीपॅडवर अंक कुठे असावेत, हेही ठरलेलं आहे. लॉक मात्र नेटवर्कच्या कामाचं नाही, फोनच्या आतलं आहे. म्हणून ते प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने केलं.

स्मार्टफोनमध्ये यात पेटंटची भर पडली. बोट सरकवून लॉक उघडण्याच्या पद्धतीचं पेटंट ॲपलने घेतलं आणि त्यावरून सॅमसंगशी अमेरिकेत वर्षानुवर्षं खटला लढवला. २०१६ मध्ये आयओएस १० आली तेव्हा ॲपलनेच ती पद्धत काढून टाकली!

आता गोंधळ पॉवर बटणाचा आहे. पूर्वी ते दाबून धरलं की फोन बंद व्हायचा. आज काही फोनमध्ये तसं केलं की व्हॉइस असिस्टंट बोलायला लागतो. आयफोन एक्सपासून फोन बंद करायला सोबत आवाजाचं बटणही दाबावं लागतं. अनेक अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो.

इथपर्यंत हे सगळं फार तर वैताग म्हणून सोडून देता येईल. पण मदत मागायची वेळ आली की हेच बटण लागतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलमधल्या पॅनिक बटणाचे नियम काढले. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. स्मार्टफोनवर इमर्जन्सी बटण दाबून धरायचं किंवा पॉवर बटण झटपट तीनदा दाबायचं. भारतात वापरल्या जाणाऱ्या आयफोनवर हे तीनदाच आहे. अँड्रॉइड १२ सोबत आलेल्या इमर्जन्सी एसओएसमध्ये मात्र ते पाचदा दाबावं लागतं. घाबरलेल्या माणसाने तीन आणि पाचातला फरक लक्षात ठेवायचा?

लॉक कसं असावं, हे कंपन्यांनी खुशाल ठरवावं. मदतीची खूण मात्र सगळीकडे एकच हवी, आणि नियम हातात असताना सरकारने ती करून घ्यायला हवी.

तोवर एवढं करा. सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' शोधा आणि तुमच्या फोनवर बटण किती वेळा दाबायचं ते पाहून ठेवा. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही पाहा. दाबून बघू नका, कारण कॉल खरोखर ११२ ला जातो. फोन लॉक असला तरी ११२ लावता येतो, हेही त्यांना सांगा.

बाबांच्या फोनच्या पाठीवर मी चिकटपट्टी लावून लिहून दिलंय : 'लॉक - हॅश दाबून धरा. अडचण - ५ दाबून धरा.' खिशातले कॉल बंद झालेत.