तोंड उघडेना, तेव्हा जाग येऊन काय उपयोग?

मुळशीकर मंडळी, लावणीला उतरण्याआधी बायांची मिश्री होते, बाप्यांचा तंबाखूचा बार भरला जातो. तोंडाच्या सर्जनची गाठ मात्र भाकरीचा घास जाईना तेव्हाच पडते!

या सर्जन मंडळींनी नुसती सुरी चालवली नाही, सरकारचे दारही ठोठावले. टाटा रुग्णालयाचे डॉ. पंकज चतुर्वेदी त्यांत आघाडीवर होते. २००२ ची गुटखाबंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये राज्याने ती अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा आणली. पण या कायद्यात बंदी एका वेळी एकाच वर्षाची, म्हणून आदेश दरवर्षी नवा काढावा लागतो. शिवाय साध्या तंबाखूला आणि मिश्रीला ती लागूच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले शंभरातले २४ प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया होते खरी, पण ती रोग झाल्यावर. सर्जनचे ज्ञान त्याआधी गावात पोचायला हवे. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात ठरल्या वारी तोंडाची तपासणी व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि आजच आरशापुढे बघा: आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का? नसतील जात, तर डॉक्टर गाठा.